ओळखीचा गोंगाट

सरांच्या घरात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नसे. चपला बाहेर, पिशवी दाराशी, आणि आपण भिंतीलगतच्या सतरंजीवर मांडी घालून गप्प. काम कितीही तातडीचं असो. "टेबल शांत होऊ दे," एवढं म्हणून ते पुन्हा वाकायचे आणि त्यांच्या बनियनच्या पाठीवरचं भोक तेवढं आपल्याला बघायला उरायचं.

टेबल म्हणजे ओट्याचा जुना कडाप्पा. तो हवा भरलेल्या चार स्कूटरच्या ट्यूबांवर ठेवलेला. त्यावर लॅमिंग्टन रोडवरून आणलेला लेझर, दोन आरसे आणि मधे एक तिरकी काच. काच किरणाचे दोन भाग करायची, ते दोन वाटांनी जाऊन आरशांवर आपटून परत एकत्र यायचे आणि समोरच्या भिंतीवर लाल-काळे पट्टे उमटायचे. दोन वाटांच्या लांबीत केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतका फरक पडला तरी पट्टे हलत. सर दिवसाचे सहा-सात तास त्या पट्ट्यांकडे बघत बसत.

डोंबिवलीत, औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका इमारतीत ते एकटे राहत. तिसऱ्या मजल्यावरचा हवेशीर ब्लॉक देऊन त्यांनी तळमजल्यावरचा काळोखा ब्लॉक घेतला होता, कारण इमारत वरच्या मजल्यांवर जास्त हलते. घरात फ्रिज नव्हता, त्याचा कॉम्प्रेसर धडधडतो म्हणून. छताला पंखा नव्हता. कुकरला बंदी होती. मे महिन्यात ते डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसत आणि टॉवेलचं पाणी मानेवरून ओघळलं तरी पुसायला हात उचलत नसत. वरच्या काकूंनी घरघंटी घेतली तेव्हा त्यांनी सोसायटीला तीन पानी पत्र लिहिलं. पाण्याचा पंप नेमका किती वाजता लावता आणि किती वाजता बंद करता, याची लेखी माहिती मागितली. सेक्रेटरी घरी येऊन म्हणाले, "सर, एकदा ठरवा, पाणी हवंय की विश्व?" सरांनी खरंच विचार केला आणि म्हणाले, पाणी सकाळी सात ते साडेसात चालेल.

त्यांना शोधायचं काय होतं? विश्वाचा पहिला क्षण. हे मी टिंगल म्हणून लिहीत नाही.

मी अकरावीत असताना सर ठाण्यात, वर्तकनगरच्या एका कॉलनीतल्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. माझं घर तिथून पाच मिनिटांवर. वडील युनियनचे, आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे गादीखाली असत आणि जेवण झालं की सगळ्यांनी मिळून घड्या घालायच्या, हाच आमचा करमणुकीचा कार्यक्रम. क्लासमध्ये प्रवेश परीक्षेचा अभ्यास सोडून सर तीन-तीन तास सुरुवातीच्या विश्वाबद्दल बोलत. माळशेज घाटात दाट धुकं असतं तसं सगळं विश्व पहिली पावणेचार लाख वर्षं होतं, ते सांगायचे. त्यातून प्रकाश बाहेर पडू शकत नव्हता. म्हणून दुर्बीण कितीही मोठी केली तरी त्या धुक्याच्या भिंतीपलीकडचं दिसणार नाही. "पण एक गोष्ट धुक्याला जुमानत नाही," असं म्हणून ते फळ्याकडे पाठ करून उभे राहत. जागेची स्वतःची थरथर. गुरुत्वाची लहर. पहिल्या क्षणी जागा फुगली असेल तर ती थरथरली असेल, आणि ती थरथर न अडता अजून आपल्यातून चालली आहे. या बाकातून, या डस्टरमधून.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, सर, हे पेपरात किती मार्कांना येतं?

"शून्य," सर म्हणाले. "म्हणून नीट ऐका."

त्याच वर्षी बातमी आली, की दक्षिण ध्रुवावरच्या एका दुर्बिणीला त्या आदिम लहरींची खूण सापडली. धुकं विरताना सुटलेल्या जुन्या प्रकाशात त्या लहरींनी पाडलेला पीळ दिसला म्हणे. सरांनी क्लासभर पेढे वाटले. मी त्यांना एवढं मोकळं हसताना नंतर कधी बघितलं नाही. पण काही महिन्यांत दुसरी बातमी आली. जी खूण सापडली ती बहुतेक आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची होती. सर वर्गात आले, हजेरी घेतली नाही, आणि ज्यांनी ज्यांनी पेढा खाल्ला त्यांना वहीत एक वाक्य लिहायला लावलं: 'मी धुळीचा पेढा खाल्ला.' खाली सही. पहिली सही त्यांनी स्वतः फळ्यावर केली. पालकांनी तक्रार केली, आणि बारावीच्या मध्यावर क्लासने त्यांना काढलं.

ते क्लासवर चिडले नाहीत. धुळीवरही नाही. स्वतःवर चिडले. तेव्हा त्यांनी टेबल मांडलं. त्या कडाप्प्यावर आदिम लहर कधीच दिसणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यासाठी अवकाशात याच पद्धतीची, लाखो किलोमीटर लांबीची यंत्रं उभी करायचं चाललं आहे, ते सांगत. मग हे कशासाठी? तर सवयीसाठी. गुरुत्वलहरींच्या वेधशाळेतली माणसं आयुष्यभर लहर शोधत नाहीत, गोंगाट शोधतात. लांबचा ट्रक, समुद्राची लाट, जमिनीखालचा पाण्याचा पंप. प्रत्येकाला ओळखायचं, नाव द्यायचं आणि वजा करायचं. सगळं वजा करून जे उरेल ते खरं. सर हे डोंबिवलीत बसून करत होते.

त्यासाठी त्यांचं रजिस्टर होतं. लांबट, लाल पाठीचं, चार रकान्यांचं: वेळ, पट्टे किती हलले, कारण, उरलेलं. पट्टे हलले की ते कारण शोधून काढायचे, मग त्याला दिवस लागो की महिना. जिन्यावरून कोण चढतंय ते पट्ट्यांवरून सांगत. "काकू. उजवा गुडघा आज जास्त दुखतोय." ही जादू नव्हती, फार बघितल्याचा परिणाम होता. आणि एकदा का कारण सापडलं की त्या कारणाला एक अक्षर मिळे. पंपाला प, घरघंटीला घ. त्यानंतर ते त्याचं माप लिहीत नसत. नुसतं अक्षर. हा त्यांचा नियम होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. "ओळख पटली की मोजायचं नाही," ते म्हणत. "मोजमाप अनोळखी गोष्टीसाठी राखून ठेवावं."

मला हे वाक्य इतकं आवडलं होतं की मी ते एका पत्रकात वापरलं होतं. कशासंबंधी, ते आता सांगायची लाज वाटते.

बोलतानाही ते तसेच. कुणी काही सांगितलं की विचारत, वजा करून काय उरलं? पुढाऱ्याच्या भाषणाला हाच प्रश्न, लग्नाच्या स्थळाला हाच. माझं पहिलं पत्रक वाचून त्यांनी विशेषणं खोडली, पान माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "दोन ओळी उरल्या. चांगल्या आहेत." मी आठवडाभर त्यांच्याकडे गेले नाही.

गेले नाही तरी डोंबिवलीत यावं लागायचंच, कारण तोवर मी तिथल्या कामगार सुरक्षा समितीचं काम करायला लागलेले. समिती म्हणजे आम्ही पाच जणं, एक फोटोकॉपीवाला आणि पत्रकं. कुठल्या कंपनीत गळती झाली, कुठे मास्क मिळत नाहीत, कुठे दोन माणसांचं काम एकावर टाकलंय, ते लिहायचं आणि गेटवर वाटायचं. रविवारी सरांकडे जायचे. मधल्या काळात एकदा फार चांगली सकाळ झाली. मेलेल्या ताऱ्यांना घड्याळं मानून कितीतरी वर्षं त्यांच्या ठोक्यांची नोंद ठेवणाऱ्या जगभरच्या लोकांनी, त्यात आपलेही होते, सांगितलं की सगळ्या ठोक्यांत मिळून एक खोल गुणगुण आहे. ती महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांची असेल किंवा सुरुवातीच्या विश्वाची असेल. अजून सांगता येत नाही. सरांना हे 'सांगता येत नाही' फारच आवडलं. "आवाज आहे, हे ठरलं. कुणाचा आहे, ते ठरलेलं नाही. पहिला क्षणही नाकारता येत नाही. आणि तसं सांगायची त्यांना लाज वाटली नाही," ते म्हणाले. त्या दिवशी मला त्यांनी स्वतः चहा केला, दुसऱ्या खोलीत, कमीत कमी आच ठेवून.

सरांना डबा वनिताताई द्यायच्या. सोनारपाड्याच्या चाळीत राहणाऱ्या, मूळच्या पोलादपूरकडच्या. कुकर चालत नाही म्हटल्यावर त्या स्वतःच्या घरून भात-भाजी करून आणत आणि दारातच चपला काढून मांजरीसारख्या पावलांनी डबा ठेवून जात. त्यांचे यजमान दिलीप, सरांच्या इमारतीपासून दोनशे पावलांवरच्या रंगद्रव्याच्या कंपनीत ऑपरेटर. एकदा वनिताताईंना ताप होता म्हणून डबा घेऊन दिलीप आले. सरांनी त्यांनाही सतरंजीवर बसवलं. भिंतीवर पट्टे एका लयीत डुलत होते, डावीकडे, उजवीकडे. सर दोन महिने त्या हालचालीचं कारण शोधत होते आणि सापडत नव्हतं. दिलीप थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा माझा आहे."

"कोण?"

"माझा स्टिरर. मिनिटाला नव्वद. बघा ना, दर दहाव्याला जरा लंगडतो. मी बोललोय त्यांना, गिअरबॉक्स बघा म्हणून."

कंपनीतल्या मोठ्या बंद पातेल्यात मिश्रण ढवळत ठेवणारा तो दांडा. तो थांबला तर आतली उष्णता एका जागी साचते, आणि साचली की काय होतं ते सगळ्या डोंबिवलीला माहीत आहे. सरांनी घड्याळ लावून मोजलं. नव्वद. त्यांनी उठून दिलीपचा हात हातात घेतला. दोन महिन्यांचं काम या माणसाने दोन मिनिटांत केलं, असं ते नंतर कितीतरी जणांना सांगत. रजिस्टरमध्ये नवं अक्षर आलं. क. कंपनी.

आणि मग नियमाप्रमाणे त्यांनी ते मोजणं सोडलं.

पुढे एका हिवाळ्यात दुपारी पावणेदोनला ते पातेलं फुटलं. चार माणसं गेली. आमच्याकडच्या हिशोबाने हा लहान स्फोट. टीव्हीवर संध्याकाळपर्यंत राहिला. सरांच्या खिडकीची तावदानं आत पडली, एक आरसा फुटला, ट्यूब फुटून कडाप्पा एका बाजूला कलला. चौघांतले एक दिलीप.

तिसऱ्या दिवशी कंपनीने सांगितलं की यंत्रं ठीक होती, ऑपरेटरने थंड पाण्याचा व्हॉल्व्ह वेळेवर सोडला नाही. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे यांना पहिल्यापासून ठाऊक असतं. गिअरबॉक्स दुरुस्त करायचा तर पातेल्यातली बॅच थांबवावी लागते. ती थांबवायची नसते. आठवड्याभरात गावाकडे बातमी पोचली ती आणखी पिकून. दिलीपला म्हणे डुलकी लागली होती. म्हणे घेतलेली होती. वनिताताईंचे मोठे दीर फोनवर म्हणाले, त्याच्यामुळे अजून तीन घरं बसली, आम्ही गावात तोंड कसं दाखवायचं?

वनिताताई समितीकडे आल्या तेव्हा मी भरपाईच्या अर्जाचा कागद पुढे ओढला. त्यांनी तो बाजूला सारला. "ते होईल तेव्हा होईल. ह्यांच्या नावावर घातलंय ते काढ," त्या म्हणाल्या. "रोज सांगत होते घरी. मशीन हलतंय, मशीन हलतंय. सुपरवायझर बोलला, तुझं डोकं हलतंय. मी हे कुणाला दाखवू?"

मला लगेच रजिस्टर आठवलं. मी जवळजवळ धावत सरांकडे गेले आणि पहिल्यांदा त्या घरात शिरल्या शिरल्या बोलले. टेबल नव्हतंच शांत व्हायला.

सरांनी रजिस्टर आधीच उघडून ठेवलं होतं. स्फोटाआधीचे अकरा दिवस. पहिल्या दिवशी क, क. दुसऱ्या दिवशी क सहा वेळा. पुढे पानंच्या पानं. पाचव्या दिवशी लिहिलं होतं, 'आज काम नाही. क.' सहाव्या दिवशी तेच. पट्टे इतके हलत होते की एकमेकांत मिसळून भिंतीवर नुसता लाल धब्बा दिसत होता, सरांनी सांगितलं. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून ते वैतागून आडवे पडत. शेवटच्या दिवशीही तेच वाक्य. आणि दुसरा रकाना, माप लिहायचा, अकराही दिवस कोरा.

"मला ओळखीचा होता तो," सर म्हणाले.

मी विचारलं, वनिताताई काही बोलल्या नव्हत्या का? बोलल्या होत्या. डबा ठेवताना म्हणाल्या होत्या, की हे म्हणतायत मशीन फार हलतंय. त्यावर सरांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, काही न लपवता. ते म्हणाले होते, "हो ना, माझंही काम बंद पडलंय. दिलीपना विचारा, सकाळी तासभर बंद ठेवता येईल का."

मी रागाने काही बोलले असते तर बरं झालं असतं. मी त्याहून वाईट केलं. मी पेन काढलं आणि म्हटलं, रकाना भरा. तुम्ही बघितलंय, तुम्हाला आठवतंय, खोटं काहीच नाही. आकडा नसेल तर चौकशीवाले आपल्याला दारात उभं करणार नाहीत.

सरांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "तू लिही. किती लिहायचं?"

मी म्हटलं, नेहमीच्या पाचपट.

"सातपट का नको? सांग ना. किती असलं की माणूस निर्दोष ठरतो?"

 माझं पेन त्या कोऱ्या रकान्याच्या वर होतं आणि मी ते खाली टेकवणार होते, हे मी इथे लिहून ठेवते. मी टेकवलं नाही ते तत्त्वाने नाही, मला आकडा सुचला नाही म्हणून. सर म्हणाले, "एकदा धूळ वाटली मी तुम्हाला. तेव्हा कुणी मेलं नव्हतं." मग रजिस्टर मिटून, "वेधशाळेतले लोक ओळखीचा गोंगाटही रोज मोजतात. ते मला माहीत होतं. मी आळस केला आणि त्याला नियम म्हटलं."

समितीच्या पत्रकात मी लिहिलं होतं, 'आमच्याकडे पुराव्याची नोंद आहे.' सरांनी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'आमच्याकडे नोंद नाही. आमच्याकडे बघणारा माणूस आहे.' ते तसंच छापलं.

ठाण्याला चौकशी अधिकाऱ्यांसमोर जायचं होतं. डोंबिवलीहून बसने माजिवडा, तिथून रिक्षा. तिघंही मागे दाटीने बसलो. मधे वनिताताई, मांडीवर दिलीपचं कंपनीचं ओळखपत्र. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि रजिस्टर टॉवेलमध्ये गुंडाळलं होतं. 

अधिकारी वाईट नव्हते. त्यांनी रजिस्टर नीट चाळलं, ट्यूबांबद्दल विचारलं, मान हलवली. कंपनीचे वकील मात्र तयारीने आलेले.

"आपण यावर नक्की काय शोधत होतात?" त्यांनी विचारलं.

सरांनी सांगितलं. सुरुवातीच्या विश्वातल्या गुरुत्वलहरी. म्हणजे त्या नाही, त्या शोधायची सवय. खोलीत दोघं-तिघं हसले. वकील हसले नाहीत, ते पुढे सरकले.

"आणि अकरा दिवसांत कंपन किती वाढलं?"

"मोजलं नाही."

"म्हणजे हा तुमचा अंदाज."

"अंदाज नाही. मी बघितलं. माझं काम बंद पडण्याइतकं वाढलं होतं, ते इथे लिहिलंय."

"आपल्याला धोका वाटला होता का?"

"नाही."

"का नाही?"

 मला वाटलं, आता तरी ते स्वतःला थोडं सांभाळून घेतील. "मला त्याचा त्रास होत होता," ते म्हणाले. "त्रास होतोय एवढंच दिसत होतं. तो कशाचा आहे हे माहीत असूनही."

वकिलांनी आभार मानले. शेजारी वनिताताईंनी ओळखपत्र पालथं केलं.

अहवाल चार महिन्यांनी आला. यंत्रातल्या बिघाडाचा मोजमाप असलेला पुरावा उपलब्ध नाही. ऑपरेटरची हयगय नाकारता येत नाही. एवढंच. 'नाकारता येत नाही' हे शब्द मी पूर्वी सरांच्या तोंडून किती कौतुकाने ऐकले होते. तिथे त्यांचा अर्थ प्रामाणिकपणा होता. इथे त्याच शब्दांनी एक माणूस दुसऱ्यांदा मारला. आम्ही त्याविरुद्ध अपील केलंय, ते पडून आहे. कंपनी दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू झाली.

सरांनी टेबल परत मांडलं नाही. आता ते डोंबिवलीत नाहीतही. मिरजेला बहिणीकडे गेले. पण जाण्याआधी दिलीपचं वर्षश्राद्ध झालं, आणि त्या दिवशीचे सर मला बाकी सगळ्या सरांपेक्षा जास्त आठवतात.

अहवाल आल्यावर सर वनिताताईंकडे जाऊन आले होते आणि डब्याच्या वेळचं आपलं उत्तर त्यांना आठवण करून देऊन आले होते.  डबा दुसऱ्या दिवसापासून बंद झाला होता. मग वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या हाती निरोप धाडला. गावची माणसं येणार आहेत, सरांना सकाळी नऊला या म्हणावं.

सर पावणेनऊला आले. वनिताताईंनी चाळीच्या ओट्यावर, अगदी दाराशी, एक खुर्ची मांडली होती. "इथे बसायचं," त्या म्हणाल्या. "येईल त्याला सांगायचं. काय बघितलंत ते, आणि काय केलंत ते. आत येऊ द्यायच्या आधी सांगायचं."

"आकडा विचारतील," सर म्हणाले.

"मग नाही म्हणा. तिथे बोललात तसंच इथे बोला."

पोलादपूरकडून जीप आली, मग आणखी माणसं. पहिले उतरले मोठे दीर. सर खुर्चीवरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "स्टिरर अकरा दिवस बिघडलेला होता. दिलीपनी ओळखलं होतं आणि कंपनीला सांगितलं होतं. मी रोज बघत होतो आणि कुणालाच सांगितलं नाही."

दिरांनी वनिताताईंकडे बघितलं, हा कोण माणूस म्हणून. वनिताताई आत पाट मांडत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही.

"रिपोर्टात तर वेगळंच आलंय," दीर म्हणाले.

"रिपोर्ट चूक आहे."

"मग तुम्ही का नाही बोललात तेव्हा?"

"माझ्या कामात अडथळा येतोय असं वाटलं मला."

दीर तिथेच उभे राहिले. मग त्यांनी चपला काढल्या आणि आत गेले. त्यांच्यामागून चुलते आले, साडू आले, शेजारच्या वाडीतले दोघं आले. सरांनी प्रत्येकाला तेच सांगितलं. शब्द बदलले नाहीत, क्रम बदलला नाही, स्वतःचं वाक्य एकदाही गाळलं नाही. एका जणाने त्यांना शिवी दिली. सर ऐकून घेऊन पुढच्या माणसाकडे वळले. ऊन ओट्यावर आलं तरी ते खुर्ची सरकवायला तयार नव्हते.

दिलीपची आई सगळ्यात शेवटी उतरली, नातवाच्या खांद्याला धरून. तिला ऐकू फार कमी येतं. सर बोलले. तिने कानामागे हात धरला. ते वाकून पुन्हा बोलले. तिने नातवाला विचारलं, काय सांगतंय ते माणूस? 

सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. दहा वर्षांत मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, वर्गातसुद्धा नाही. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं, शब्द तोडून तोडून, चाळीतल्या दारादारात माणसं येऊन उभी राहिली इतक्या मोठ्याने. "तुमच्या मुलाची चूक नव्हती. त्याने सांगितलं होतं. मी बघत होतो. मी गप्प बसलो."

म्हातारीने कानावरचा हात काढला. तिला ऐकू आलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती ओट्याच्या कडेला सावकाश टेकली, पदर सारखा केला आणि दारांत जमलेल्या माणसांकडे एकदा बघून घेतलं.

"परत सांगा," ती म्हणाली.

सरांनी परत सांगितलं.